इंद्रायणीत बुडवायला माझ्याकडे कागद नाहीत

मी माळकरी आहे आणि एका फायनान्स कंपनीच्या वसुली खात्यात काम करते. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा माणूस आधी गळ्याकडे बघतो, मग तोंडाकडे. आमच्या दिंडीतल्या एका ज्येष्ठ माळकऱ्यांनी तर सरळच विचारलं, "ताई, दिवसभर लोकांच्या मागे हप्त्यासाठी लागता आणि संध्याकाळी हरिपाठ म्हणता, जमतं कसं?" त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. उत्तर चार वाक्यांत मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मुंबईत राहून, नोकरी करून माळ सांभाळणं अवघड असेल असं लोकांना वाटतं, पण त्यांना जे अवघड वाटतं ते तसं नसतं. कांदा-लसूण चालतो का, वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं असतं मग काय करता, पार्टीला येता की नाही, हेच प्रश्न असतात. यातलं काहीच जड जात नाही. डबा घरचा असतो. एकादशीला माझ्या टीममधल्या मुली स्वतःहून वेफर्स आणून ठेवतात. वारीसाठी सगळे दिवस रजा मिळत नाही, मग मी पुणे ते सासवड चालते, दिवे घाट चढते आणि परत येते; पुढची वाट भाऊ चालतो. हरिपाठ मी लोकलमध्ये म्हणते. अंधेरीहून हार्बरची गाडी पकडली की सुरू करायचा, वडाळा येईपर्यंत शेवटचा अभंग होतो. वडाळ्याला तर विठोबाच आहे, मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर. गाडीतून देऊळ दिसत नाही, पण हात आपोआप जोडले जातात. पुढे कॉटन ग्रीनला उतरून घर.

कसोटी लागते ती सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात.

माळ घालताना महाराजांनी जे नियम सांगितले त्यात मांस-मद्य वर्ज्य होतं, एकादशी होती, वारी होती. आणि त्याच्याच जोडीने खरं बोलायचं आणि कुणाला हीन लेखायचं नाही, हेही होतं. पहिले तीन नियम कुणालाही दिसतात, म्हणून ते पाळले जातात. उरलेले दोन पाळले की मोडले हे फक्त पांडुरंगाला आणि समोरच्या माणसाला कळतं. आणि माझ्या कामात समोरचा माणूस फोनच्या पलीकडे असतो, आधीच घाबरलेला.

आमच्याकडे थकलेल्या खात्यांच्या बकेट असतात. तीस दिवसांपर्यंत थकलेलं एका बकेटमध्ये, साठपर्यंत दुसऱ्या, नव्वदपर्यंत तिसऱ्या. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं. खातं एका बकेटमधून पुढच्या बकेटमध्ये सरकू द्यायचं नाही, हे आमचं टार्गेट. महिनाअखेर जवळ आली की मजल्यावरचे आवाज चढायला लागतात. कुणी ओरडा असं सांगत नाही. पण आकडे पडद्यावर सारखे बदलत असतात आणि पंचविशीतल्या पोरांवर त्या आकड्यांचं दडपण असतं. ती पोरंही कुणाची तरी ईएमआय भरणारीच आहेत.

एकदा मी एका रिक्षावाल्यांना फोन लावला. दोन हप्ते बाऊन्स झाले होते. रिंगच्या जागी कॉलर ट्यून लागली होती, विठ्ठलाचा अभंग. टाळांचा ठेका, मग आवाज. माझ्या ओठांवर पुढचे शब्द आपोआप आले. आणि तेवढ्यात त्यांनी फोन उचलला, "हॅलो?" त्या क्षणी मला "राम कृष्ण हरी" म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही, कारण वसुलीच्या फोनवर देवाचं नाव घेऊन माणसाला मऊ करणं हे शिवी देण्याइतकंच वाईट आहे असं मला वाटतं. मी माझं नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, फोन रेकॉर्ड होतोय हे सांगितलं. मग विचारलं, "काका, हप्ता राहिलाय, काय अडचण झाली?" त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं आणि रिक्षा तीन आठवडे उभी होती. रिक्षाचंच कर्ज. एका हप्त्याचा निम्मा भाग त्या आठवड्यात आणि उरलेलं पुढच्या महिन्यात, असं ठरलं. मी नोंद केली, त्यांना ती वाचून दाखवली आणि फोन ठेवला. यात चमत्कार काही नाही. मला एवढंच सांगायचंय की त्या फोनवर भक्ती करायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न मला रोज पडतो.

अशा वेळी प्रत्येक वारकऱ्याला तुकोबा आठवतात. देहूचं ते सावकारीचं घराणं. १६३० च्या सुमाराला भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. मग घरातली कर्जखतं बाहेर काढली आणि इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. कीर्तनात ही गोष्ट आली की मंडपातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी येतं. पण त्या गोष्टीतला एक तपशील घाईत राहून जातो. भाऊ कान्होबाला त्याच्या वाट्याची निम्मी खतं तुकोबांनी आधी मोजून दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. भावाचा संसार होता, त्याचा हक्क त्यांनी आपल्या वैराग्यात ओढून घेतला नाही.

माझ्यासमोरच्या पडद्यावर जे कागद असतात ते माझ्या वाट्याचे नाहीत. ते मी बुडवू शकत नाही. मी म्हटलं, जाऊ दे काका, नका भरू, तर ती माफी होणार नाही. त्यांचं खातं पुढच्या बकेटमध्ये जाईल, दंड चढेल आणि उद्या दुसरं कुणीतरी फोन करेल. शिवाय कंपनी जो पैसा वाटते तोही कुणाचा तरी असतो. बँकांकडून उचललेला असतो, म्हणजे शेवटी ठेवीदारांचाच. दिलेला पैसा परत येणं यात मला अधर्म दिसत नाही.

हे मी घरातच शिकले. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या काळाचौकीच्या चाळीत चुली कशा पेटायच्या हे आई अजून सांगते. खालच्या वाण्याने खातं बंद केलं नाही. तांदूळ, तेल, रॉकेल वहीत लिहून देत राहिला. दारात येऊन त्याने एकदाही आवाज चढवला नाही. आणि गिरणी पुन्हा मिळाली नाही तरी, पुढे वॉचमनकी करून बाबांनी ती वही फेडली. आई म्हणते, शेवटची रक्कम देताना बाबा दुकानात चप्पल बाहेर काढून गेले होते. बाबाही माळकरी. मंडळात पखवाज वाजवायचे. कर्ज फेडणं हाही त्यांच्या नेमाचाच भाग होता, आणि वाण्याने मान राखणं हा त्याच्या. माझ्या मनात वसुलीचं चित्र तेच आहे. देणाऱ्याने तोंड लपवू नये आणि मागणाऱ्याने तोंड सोडू नये.

मग माझ्या हातात काय उरतं? पुष्कळ उरतं. २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवायची सवलत दिली, आधी मेअखेर आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत. लोकांना वाटलं, हप्ता माफ झाला. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. हे वाक्य माझ्या टीमने प्रत्येक फोनवर म्हणावं असा आग्रह मी धरला. त्याने फोन लांबायचे, दिवसाचे कॉल कमी व्हायचे, वरून विचारणाही झाली. त्याच वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. घरी बसून टीव्हीवर ती बस बघताना वाटलं, आपली वारी यंदा ह्या वाक्यातच आहे.

तसंच सेटलमेंटचं. ठरलेल्या रकमेपेक्षा कमी भरून खातं मिटवता येतं, ऐकून माणूस सुटल्यासारखा होतो. पण क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या इतिहासात, 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढे घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की ती आडवी येते. हे आधी सांगायचं. ऐकून तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे. खरं बोलायचं या नियमाचा अर्थ माझ्या टेबलावर इतका साधा आहे: माणसाला सही करण्याआधी कळलं पाहिजे, नंतर नाही.

वेळेची मर्यादाही मी कडक पाळते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना, शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना त्यात ओढायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट बजावलं आहे. नियम कागदावर आहेत आणि ते चांगले आहेत. पण महिनाअखेरीला सातला पाच कमी असताना "अजून एकच फोन" असं ज्याला वाटतं, त्याच्याशेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. मी उभी राहते. हे मी माळेमुळे करते. माळ नसती तर कदाचित मीही घड्याळाकडे बघितलं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याची किंमत पडते. काही महिने माझ्या टीमचा इन्सेंटिव्ह कमी येतो. एका वरिष्ठांनी मला सांगितलं की इतकं सौम्य राहून वसुलीचं काम चालत नाही. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. काही कर्जदार खरोखर पैसे असून टाळतात, नंबर बदलतात, खोटा पत्ता देतात. त्यांच्याशी मी कडक बोलते. कायदेशीर नोटीस जाईल हे स्पष्ट सांगते आणि ती पाठवतेही. भक्ती म्हणजे मिळमिळीतपणा नव्हे. मात्र "तुझ्या बायकोला सांगू का, सोसायटीत येऊ का" हे वाक्य माझ्या मजल्यावर कुणी उच्चारायचं नाही. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी दुसरी टीम मागून घेतली.

नोकरी सोड, असं सांगणारे जवळचे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण मला ते पटलेलंही नाही. मी उठले तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही. या शहरात किती माळकरी पोलिसात आहेत, रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर आहेत, विम्याचे क्लेम तपासतात. ज्या खुर्चीसमोर माणूस हात जोडून उभा राहतो अशा सगळ्या खुर्च्या श्रद्धावंतांनी सोडून द्यायच्या, तर मग तिथे कोण बसावं अशी आपली अपेक्षा आहे? देव्हाऱ्यापुढची भक्ती मुंबईत मजेत चालली आहे, गणपतीच्या आणि नवरात्राच्या रांगा बघा. टेबलापुढची भक्ती दुबळी झाली आहे, आणि तिची चर्चा कीर्तनातही कमी होते याचं मला दुःख आहे.

आणखी एक. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. मंडळातली बरीच कुटुंबं खोल्या विकून बदलापूर-विरारला गेली. चौकातलं भजन आता पहिल्या मजल्यावरच्या सोसायटी हॉलमध्ये, रविवारी सहा ते आठ, आधी नोंद करून. माणसं कमी झाली, पण जी आली ती येत राहिली. गेल्या दिवाळीनंतर भजन संपल्यावर दोघीतिघी माझ्याजवळ घुटमळायला लागल्या. कुणाच्या मुलाने मोबाइलवरच्या अॅपवरून कर्ज घेतलं होतं, कुणाला नोटीस आली होती. त्यांना तो कागद वाचून हवा होता. तेव्हापासून आम्ही आरतीनंतर हॉल अर्धा तास जास्त घेतो. मी, आणि मंडळातले एक निवृत्त बँक कर्मचारी. आम्ही सल्ल्याचे पैसे घेत नाही, कुणाला कर्ज मिळवून देत नाही, आणि माझ्या कंपनीचं कर्ज असेल तर तो कागद मी न बघता त्या बँकेतल्या काकांकडे देते.

काळाचौकी, शिवडी, लालबाग भागातलं कुणी वाचत असेल तर रविवारी साडेसातपर्यंत या, भजनालाही बसा. येताना कर्जमंजुरीचं पत्र, खात्याचं शेवटचं स्टेटमेंट आणि आलेली नोटीस असेल तर तिचं पाकीटही आणा, त्यावर तारीख असते. १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद तुम्हाला मिळालेला असायला हवा, त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो आणि तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागता येतो. नसेल मिळाला तर आधी कंपनीकडे लेखी मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तो अर्ज कसा भरायचा हे काका दाखवतात. अॅपवाला तुमच्या फोनमधल्या लोकांना मेसेज पाठवत असेल तर ते मेसेज पुसू नका, तसेच घेऊन या.