उन्हाळ्यात गाडीच्या बॅटरीवर कूलर चालवताना

नागपुरात मे महिन्यात रात्री वीज गेली की कूलर बंद आणि झोपही गेली. म्हणून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर रात्र काढायचं ठरवलं. पण त्याआधी, मार्चमध्येच, बॅटरीत किती जीव उरलाय ते मोजून घेतलं.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, नवी असताना ४०.५ युनिटांची. पडद्यावरची टक्केवारी फक्त भरलेला भाग दाखवते, क्षमता नाही. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, हिशेब हळूहळू चुकत जातो. म्हणून आधी एकदा पूर्ण १०० टक्के भरली. मग वापरून २० वर आणली आणि चार्जरच्या लाइनवर सबमीटर लावून सलग १०० पर्यंत चार्ज केली. ३४.५ युनिट पडले. एसी चार्जिंगमध्ये साधारण १० टक्के वाया जातात, ते सोडून ३१. हे ८० टक्क्यांचं माप, म्हणजे पूर्ण क्षमता ३८.८, नव्याच्या सुमारे ९६ टक्के. वाया जाणाऱ्या विजेचा अंदाज चुकला तर हा आकडाही सरकतो. म्हणून पुढचं मापही त्याच चार्जरवर, तसंच सकाळच्या गारव्यात घ्यावं.

गाडीचं व्ही-टू-एल, म्हणजे गाडीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देण्याची सोय, ३.३ केव्हीएचं (साधारण ३३०० वॅटपर्यंत). कूलर २०० वॅट, फ्रिज १५०, दोन टेबल फॅन १००, दिवे आणि वायफाय ५०. आठ तासांत ४ युनिट, शिवाय गाडीची यंत्रणा जागी राहते तिचे थोडे. सकाळी बॅटरी १२-१३ टक्के उतरलेली असते. एक एचपीची मोटर मात्र लावू नका. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते आणि गाडी सप्लाय तोडते. टाकी आधीच भरून ठेवायची.

वायरिंगबाबत मी अजिबात तडजोड केली नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरच्या सॉकेटात घालणं जीवघेणं आहे. वीज उलटी महावितरणच्या लाइनवर जाते आणि खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर बेतते. पार्किंगपासून २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन ओढली, १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), तीन सॉकेट. घराच्या डीबीशी, म्हणजे मुख्य वीज-पेटीशी, तिचा संबंध नाही. वीज गेली की कूलर-फ्रिजचे प्लग तिकडे लावायचे. अनेक गाड्यांचं आउटपुट जमिनीपासून मोकळं, म्हणजे अर्थला न जोडलेलं असतं, त्यामुळे टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगा, नाहीतर तो न्यूट्रल अर्थला जोडायला जातो.

यानं बॅटरी झिजते का? ५० किलोवॅटच्या फास्ट चार्जरचा भार या ५०० वॅटच्या शंभर पट असतो. खरा शत्रू उष्णता, त्यातही पूर्ण भरून उन्हात उभी केलेली गाडी. लिक्विड कूलिंग नसलेल्या निसान लीफच्या बॅटऱ्या अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये अशाच लवकर खचल्या, २०१२ मध्ये त्याच्या तक्रारी गाजल्या. म्हणून गाडी सावलीत, रोजचं चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत, १०० आठवड्यातून एकदाच, तेही निघण्याच्या थोडं आधी. रात्री ३० टक्क्यांखाली उतरू देत नाही, अडीनडीला दवाखान्यात जाता आलं पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजलं, ३४.३ युनिट. एवढा फरक मापाच्या चुकीतच बसतो.