उल्लेखनीय काही नाही

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक वार्तापत्रासाठी आमच्या तुकडीतील वर्गमित्रांच्या बातम्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले, ते केवळ नकार द्यायला मी उशीर केला म्हणून. त्याला आता बारा वर्षे होतील. काम वरकरणी सोपे आहे. कोणाला बढती मिळाली, कोणी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटला, कोणाचा प्रबंध मान्य झाला, कोणाचे लग्न झाले, कोणाला मूल झाले, हे सारे तीन-चार ओळींत बसवायचे, नावांचे शुद्धलेखन तपासायचे आणि मजकूर छपाईला पाठवायचा. पहिली दोन-तीन वर्षे मी ते तसेच केले आणि अंक हातात आल्यावर आपली तुकडी किती कर्तबगार निघाली म्हणून खूशही झालो. पुढे एकदा न आलेल्या उत्तरांची यादी करायला बसलो, तेव्हा ती आलेल्या उत्तरांच्या यादीहून बरीच लांब भरली. वार्तापत्रात तुकडी दिसत नव्हतीच. त्या वर्षी ज्यांचे बरे चालले होते, तेवढेच लोक दिसत होते.

हा घोटाळा जुना आहे. अमेरिकी लेखक डॅरेल हफ यांच्या 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' (आकडेवारीने कसे फसवावे) या 1954 च्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच येल विद्यापीठाच्या 1924 च्या तुकडीचे उदाहरण येते. त्या तुकडीतील माजी विद्यार्थ्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न 25,111 डॉलर असल्याची बातमी छापून आली होती, आणि त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारावेत इतकी मोठी होती. हफ यांनी आधी शेवटच्या 11 डॉलरांवरच बोट ठेवले, कारण इतक्या नेमकेपणाने स्वतःचे उत्पन्न सांगू शकणारी माणसे विरळाच असतात. त्यांचा दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. पंचवीसेक वर्षांनंतर ज्यांचे पत्ते विद्यापीठाकडे उरले, त्यांतूनही ज्यांनी आपण होऊन उत्तर पाठवले, ते कोण असणार? बड्या हुद्द्यावरच्या माणसाचा पत्ता सहज सापडतो. चार ठिकाणी धरसोड करून कोठेतरी कारकुनी करणाऱ्याचा सापडत नाही, आणि सापडला तरी तो उत्तर पाठवण्याच्या भानगडीत पडत नाही. माझ्या यादीतील रिकाम्या जागांचा अर्थ मला त्या पानांनी सांगितला.

येलच्याच नावाने आणखी एक गोष्ट फिरते, तिचाही उल्लेख करतो, कारण आमच्या स्नेहमेळाव्यात ती एकदा व्यासपीठावरून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली गेली. 1953 च्या तुकडीतील ज्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी आपली उद्दिष्टे कागदावर लिहून ठेवली होती, त्यांनी वीस वर्षांत उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहूनही अधिक संपत्ती मिळवली, अशी ती गोष्ट आहे. अशी पाहणी कधी झालीच नव्हती. 1996 मध्ये एका अमेरिकी व्यवसायविषयक मासिकाने तिचा माग काढला, तेव्हा सांगणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत गेला आणि मूळ कागद कोणाकडेच निघाला नाही. तरीही ती टिकून आहे, कारण जे पोहोचले ते ठरवून पोहोचले, असे मानायला पोहोचलेल्यांना आवडते.

सहा वर्षांपूर्वी मी बातम्या मागवण्याच्या अर्जातला प्रश्न बदलला. पूर्वी तेथे 'गेल्या वर्षातील उल्लेखनीय यश' असे छापलेले असे. त्याखालच्या चौकटीत एका वर्गमित्राने लागोपाठ तीन वर्षे 'उल्लेखनीय काही नाही' एवढेच लिहिले होते, आणि तिसऱ्या वर्षी मी त्याला दूरध्वनी केला.

"अरे, काही नाही म्हणजे काय? वर्षभर झोपून होतास का?"

"मी नाही, बाबा झोपून आहेत," तो म्हणाला. "पक्षाघात झाला. मी नोकरी सोडली त्याला अडीच वर्षे झाली. दुपारी ते झोपले की घरून थोडे हिशेबाचे काम करतो. आता यात तू छापणार काय?"

आम्ही तासभर बोललो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा दाट करून पाजावे लागते. आणि वडिलांचे बोलणे इतरांना कळत नाही, तेव्हा आपणच दुभाष्या होतो, हे त्याने मला इतक्या बारकाव्याने समजावले, की एखादा अभियंता आपल्या यंत्राविषयी बोलत असावा. शेवटी मी विचारले, "हे दोन ओळींत लिहू का?" तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "लिही, पण 'त्याग' वगैरे शब्द घालू नकोस." त्या वर्षी त्याच्या नावापुढे छापून आले: 'नोकरी सोडून घरी वडिलांची शुश्रूषा करत आहे. फावल्या वेळात हिशेबतपासणीची कामे घेतो.'

पुढच्या वर्षीपासून अर्जावर प्रश्न आला: 'सध्या तुमचे दिवस कशात जातात?' संघाच्या कार्यकारिणीतील एका सदस्याला तो पोरकट वाटला, आणि प्रतिष्ठित माजी विद्यार्थ्यांना असे विचारणे बरे दिसत नाही, असे त्यांनी बैठकीत नोंदवूनही घेतले. उत्तरे मात्र वाढली. फार नव्हेत, पण जी वाढली ती निराळी होती. एकीने लिहिले की पदोन्नती मिळाल्यापासून मूळ काम सुटले असून आता दिवसभर इतरांच्या रजा मंजूर करते. एकाने संशोधन सोडून शाळेत शिकवायला सुरुवात केल्याचे कळवले, आणि ते यश आहे की माघार हे ठरवायचे आपण सोडून दिले आहे, असेही जोडले. बढतीच्या बातम्या येतच राहिल्या, आणि त्या का येऊ नयेत? पंधरा वर्षे घासून मिळवलेल्या पदाचा आनंद वर्गमित्रांना सांगावासा वाटण्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार पदनामांपुरती आहे. आलेले पदनाम तीन ओळींचे असले तर हा माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे मी पुन्हा विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर एका साध्या क्रियापदात मिळते.

काही नियम मात्र मी बदलले नाहीत. अनेक विद्यापीठांच्या नियतकालिकांप्रमाणे आम्हीही झालेल्या गोष्टीच छापतो: लग्न झाल्यावर, मूल जन्मल्यावर, रुजू झाल्यावर. ठरलेला विवाह आणि अपेक्षित बाळ यांना जागा नाही. अंक निघेपर्यंत काहीही घडू शकते, आणि छापलेली ओळ परत घेता येत नाही. हा नियम रूक्ष वाटतो खरा, पण एकदा घाईने छापलेल्या एका ओळीबद्दल मला एका जोडप्याची क्षमा मागावी लागली होती. त्यानंतर मी तो कधी सैल केलेला नाही.

या साऱ्याचा उपयोग काय, असे मला विचारले जाते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये 'क्षीण संबंधांचे सामर्थ्य' या विषयावर एक शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते की ती खबर देणारी व्यक्ती तुम्हाला त्या सुमारास किती वेळा भेटत असे. वरचेवर भेटणारे 17 टक्क्यांहून कमी निघाले. अधूनमधून भेटणारे 55 टक्क्यांहून थोडे अधिक, आणि उरलेले क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. वेगळी खबर दूरच्या माणसाकडून येते. वर्गमित्र ही तर अशा दूरच्या माणसांची तयार यादीच. शुश्रूषेची ती दोन ओळींची नोंद वाचून आमच्याच तुकडीतील एका व्यक्तीने, जिने त्याच्याशी महाविद्यालयात असतानाही फारसे बोलणे केले नव्हते, त्याला नियमित हिशेबाचे काम दिले. बढतीच्या नोंदीवरून असे काही घडल्याचे मला आठवत नाही. 'अभिनंदन' म्हटले की तेथे बोलणे संपते.

वार्तापत्राचे शेवटचे पान निधनवार्तांचे असते. पूर्वी तेथे आमच्या वरच्या तुकड्या असत, आता आम्हीही आहोत. दोन वर्षांपूर्वी एक वर्गमैत्रीण गेली. काही महिन्यांनी तिच्या मुलीचे पत्र आले: आईने वार्तापत्राला जे काही कळवले असेल, ते सारे मिळेल का? मी जुने अंक काढले. बारा वर्षांत तीनच नोंदी होत्या. पहिलीत नव्या पत्त्याची माहिती होती. दुसरीत पदवीच्या विषयाशी संबंध नसलेली एक नोकरी धरल्याचे लिहिले होते. तिसरी, प्रश्न बदलल्यानंतरची, अशी होती: 'संध्याकाळी रात्रशाळेत गणित शिकवते. मोठ्या माणसांना अपूर्णांक शिकवणे ही मजेची गोष्ट आहे.'

मी तिन्ही पानांची छायाचित्रे पाठवली. मुलीने उलट विचारले की ही रात्रशाळा कोणती, कारण आई संध्याकाळी उशिरा येते एवढेच घरात ठाऊक होते आणि ती कार्यालयातच थांबत असावी असे सगळ्यांना वाटत होते. मला काहीच सांगता येईना. मुलीची परवानगी घेऊन मी तो प्रश्न तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तिसऱ्या दिवशी अशा एका वर्गमित्राचे उत्तर आले, ज्याने स्वतःविषयी बारा वर्षांत एकही ओळ पाठवली नव्हती. ती नोंद वाचून तो एकदा त्या शाळेत तिला भेटायला गेला होता आणि शेवटच्या बाकावर बसून तिचा एक पूर्ण तास त्याने ऐकला होता. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिले होते, हेही त्याला आठवत होते. मी त्याचा क्रमांक मुलीला दिला.