बायोसचा पासवर्ड आणि माझे सात आठवडे

जुना लॅपटॉप घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच तो बंद करा, परत सुरू करा आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, आतल्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) शिरून बघा. माझ्या मशीनला एफ-वन दाबावं लागतं, तुमच्याला एफ-टू किंवा डिलीट असेल. पासवर्ड मागितला तर मशीन तिथंच ठेवून घरी या. एवढं मला जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर सात आठवडे आणि पणजीच्या पाच खेपा वाचल्या असत्या.

मी गोव्यात साखळी गावात राहते. घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब बघते, जीएसटीचे रिटर्न भरते. तेवीस जणांची पॅनकार्डं, बँकेची स्टेटमेंटं, पोर्टलचे पासवर्ड माझ्याकडे आहेत. आणि हे सगळं मी इतकी वर्षं क्रॅक केलेल्या विंडोजवर ठेवत होते. ते मनाला टोचायला लागलं तेव्हा ठरवलं की कंपनीतून निघालेला वापरलेला लॅपटॉप घ्यायचा आणि त्यावर डेबियन टाकायचं, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट, ओपन सोर्स सिस्टिम, जिचा कोड कुणालाही वाचता येतो. टॅलीचं काम मात्र जुन्या डेस्कटॉपवरच राहिलं, ते अजून सुटलेलं नाही.

माझ्या भावाला हे पटलं नव्हतं. "कुणीही लिहिलेलं फुकटचं सॉफ्टवेअर, त्यावर लोकांचे कागद ठेवणार तू?" आणि त्याने एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं उदाहरण दिलं. ते खरंच आहे. एका माणसाने दोन-अडीच वर्षं इमानदारीने काम करून विश्वास मिळवला आणि मग एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. पण तो पकडला कसा गेला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं की एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो कारण शोधत कोडमध्ये शिरला, कारण कोड उघडा असल्याने त्याला आत जाता येत होतं. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे नेहमीच्या वापराच्या, आवृत्तीपर्यंत ते पोचलंच नाही. ओपन सोर्समध्ये चोर शिरत नाही असं मी म्हणणारच नाही. दार उघडून बघायची मुभा आहे, एवढ्यावर माझा भरवसा आहे.

डाउनलोड तपासायला एक संध्याकाळ गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या डेबियनसारख्याच सिस्टिमच्या वेबसाइटमध्ये घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंकच बदलली होती, त्यामुळे त्याच साइटवरचा चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे पडताळायचा आकडा) जुळला म्हणून मी समाधान मानणार नव्हते. डेबियनची डिजिटल सही जीपीजी या सही पडताळणाऱ्या प्रोग्रॅमने तपासली. सही ज्या डिजिटल किल्लीने केलेली असते तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखखूण, चाळीस अक्षरांचा असतो. पुण्याला माझ्या भाच्याकडे कित्येक वर्षांपासून डेबियन आहे. त्याने त्याच्या मशीनवरून चार-चार अक्षरं फोनवर वाचली, मी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवत गेले. चाळीसही जुळली.

आणि मग पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉप त्याच्याकडे बघेचना. बूटच्या यादीत फक्त आतली डिस्क. बायोस उघडायला गेले तर काळ्या स्क्रीनवर कुलपाचं चित्र, शेजारी माणसाचं, आणि पासवर्डची रिकामी चौकट. आधीच्या कंपनीने लावलेला सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिला होता. यूएसबीवरून बूट करणंही त्यांनीच बंद करून ठेवलेलं.

जिथून लॅपटॉप घेतला होता त्या पणजीच्या दुकानात गेले. मालक म्हणाला, "विंडोज चालता मगे? बायोस कित्याक जाय?" (विंडोज चालतंय ना? बायोस कशाला हवं?) मी परत परत सांगितलं की मशीन मी विकत घेतलंय, त्याच्या मुळाशी दुसऱ्याचं कुलूप नको. त्याने एका पोराला बोलावलं. पोराने काउंटरच्या काचेवरच मशीन उलटं करून खोललं, प्लास्टिकच्या वेष्टनातला नाण्याएवढा सेल काढला आणि म्हणाला, वीस मिनिटं थांबा. मी थांबले. सेल परत बसवला, मशीन सुरू केलं. घड्याळ मागे गेलं होतं, कुलूप जागच्या जागी. हा पासवर्ड सेलवर नसतोच, वेगळ्या चिपमध्ये असतो, वीज गेली तरी तो जात नाही. हे मी घरी येऊन वाचलं. दुकानदाराला ते माहीत असायला हवं होतं.

मग सुरू झालं "फाल्यां", म्हणजे उद्या. मुंबईच्या सप्लायरला विचारतो, फाल्यां फोन करा. सप्लायर कंपनीला विचारतोय, फाल्यां. धो धो पावसात बसने दोनदा गेले, एकदा दुकान बंद, एकदा मालक म्हापशाला. या मधल्या काळात दोनदा २० तारीख, म्हणजे थ्री-बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची मुदत, आली आणि दोन्ही वेळा ते त्या जुन्या विंडोजवरूनच भरलं. प्रत्येक पासवर्ड टाकताना जिवाला लागत होतं.

मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं की हा पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदलावा लागतो. त्याची किंमत लॅपटॉपपेक्षा जास्त. पण निदान एका फोनमध्ये खरं उत्तर मिळालं.

चौथ्या खेपेला दुकानातला पोर हळूच म्हणाला, बाहेर एक जण चिपला क्लिप लावून पासवर्ड काढून देतो, दीड हजार घेतो. मी नको म्हटलं. त्याला वाटलं पैशांसाठी. ज्याला मी ओळखत नाही, त्याने बायोसच्या चिपवर काय लिहिलं हे मी कशी बघणार? २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स नावाचं घातक सॉफ्टवेअर उघडकीला आणलं, त्यात हल्लेखोरांनी नेमका तिथंच आपला कोड लिहून ठेवला होता. डिस्क बदला, विंडोज नव्याने टाका, तो परत येत होता. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनवर डेबियन टाकून आण, असंही मला दोघांनी सुचवलं. चाललं असतं. पण वर मी चाळीस अक्षरं जुळवणार आणि खाली किल्ली तिऱ्हाइताच्या हातात, हे मला मान्य नव्हतं.

हो, बिलावर "बायोस पासवर्ड नाही" असं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं "लॅपटॉप, टेस्टेड" होतं, त्यामुळे भांडायला कागदच नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी भावाला बरोबर नेलं आणि मशीन काउंटरवर ठेवून सांगितलं की आज पैसे नाहीतर दुसरं मशीन. मालकाने त्याच कंपनीची आणखी तीन काढली. तिन्ही मी तिथंच सुरू केली. दोनांवर तेच कुलूप. तिसऱ्यात एफ-वन दाबलं आणि निळी-करडी यादी सरळ उघडली. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

चोरीला गेलेलं मशीन शोधायची जी सोय बायोसमध्ये असते, ती तिथं "नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड" होती. ती कायमची बंद केली, ते एकदाच करता येतं. घरी येऊन माझा पासवर्ड लावला, कागदावर लिहिला आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवला. डेबियन पाऊण तासात बसलं.

इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन मात्र आत आहेच. मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा बंदिस्त संगणक, २०१५ नंतरच्या चिपांत तो मिनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, आणि त्याचा कोड मला किंवा माझ्या भाच्याला वाचता येत नाही. तेवढा विश्वास मला न तपासता ठेवावा लागतोय आणि ते मला आवडलेलं नाही.

परवा केबल घ्यायला त्याच दुकानात गेले होते. माझं पहिलं मशीन काचेच्या कपाटात पुसून ठेवलं होतं, झाकणावर किमतीची चिठ्ठी. मी मालकाला म्हटलं, "यावर बायोस लॉक आहे असं लिहा." तो हो म्हणाला. मी तिथंच उभी राहिले. शेवटी पोराने मार्कर आणला आणि किमतीखाली लिहिलं.