खडपावरची गोबी: शोधायची कुठे, ओळखायची कशी

ओहोटीला कोकणच्या खडपांवर जी डबकी उरतात, त्यांत हमखास भेटणारा एक मासा म्हणजे बॅथिगोबियस फस्कस. गोबींच्या कुळातला, आपल्या खाडीतल्या निवट्यांचा नातलग. लांबी फार तर १२ सेंटिमीटर, पण डबक्यात दिसतात ते बहुतेक बोटाएवढेच. अंगावर तपकिरी ठिपके आणि डाग, डोकं बसकं, ओठ जाड. खडकाचा रंग बदलला की या गोबीचीही छटा थोड्याच वेळात गडद किंवा फिकट होते. म्हणून रंगावरून शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. शोधायची ती बसण्याच्या ढबीवरून.

गोबी तरंगत नाही, टेकून बसते. पोटाखालचे दोन्ही पर जुळून त्यांची वाटी झालेली असते आणि त्या वाटीने ती लाटेतही दगडाला धरून राहते. बसण्याची आवडती जागा म्हणजे डबक्याच्या तळाची वाळू जिथे कातळाला भिडते ती कड. नजर त्या कडेवरून सावकाश फिरवा आणि मासा नाही, डोळे शोधा. डोळे डोक्याच्या अगदी वर असतात, त्यामुळे दोन बारीक उंचवटे आधी दिसतात आणि मग त्यांच्यामागे अख्खा मासा उमटतो.

वेळ साधणं निम्मं काम आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत खाली जातं. मुंबईकडे त्या दिवसांची ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास लागते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडपावर पोहोचा, पाणी फिरलं की निघा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, खालची डबकी उघडीच पडत नाहीत. स्वच्छ पाणी हवं तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. डबक्यावर सावली पडली की मासे कपारीत शिरतात, म्हणून सूर्य बाजूला ठेवून बसा आणि पाच मिनिटं अजिबात हलू नका. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी बरीच कमी होते.

भरतीला डायव्हरची पाळी. हेच खडप तेव्हा मीटर-दीड मीटर पाण्याखाली असतं आणि गोबी डबक्याबाहेर फिरत असते. इतक्या उथळात स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, पुरतो. हवेचा सिलिंडर घेतलात तर नेहमीपेक्षा एखाद-दोन किलो वजन जास्त लावा, कारण पृष्ठभागाजवळ डायव्हिंगचा रबरी सूट फुगलेला असतो, संपत आलेला सिलिंडरही हलका होतो आणि तुम्ही बुचासारखे वर येता. मग पाय मारावे लागतात, गाळ उठतो आणि मासा गेलाच. पाय वर, डोकं किंचित खाली ठेवा आणि लाटेबरोबर अंग पुढेमागे जाऊ द्या. टॉर्च समोरून मारू नका. हात लांब करून बाजूने तिरपा धरा, म्हणजे माशाची सावली पडते आणि ठिपक्यांच्या गर्दीतून आकार सुटा होतो. मोठी लाट असेल त्या दिवशी खडपाजवळ उतरूच नका, कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात. कपारीत हातही घालू नका, आत अहेर (सापासारखा लांब, चावरा मासा) किंवा विषारी काट्यांचा विंचूमासा असू शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ब्लेनी या डबक्यांतल्याच दुसऱ्या छोट्या माशाशी. ब्लेनीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, कधी मध्ये खाच असलेला. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात. ब्लेनीच्या अंगावर खवले नसतात आणि पोटाचे पर दोन बारीक काड्यांसारखे सुटे असतात. बॅथिगोबियसची पक्की खूण छातीच्या परात आहे: त्याचे वरचे काही किरण, म्हणजे पराच्या काड्या, पडद्यातून मोकळे, रेशमी तंतूंसारखे दिसतात. ही खूण पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

मासा बादलीत घेऊन दुसऱ्या डबक्यात सोडणं तर पूर्ण टाळा. लेस्टर अ‍ॅरन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बॅथिगोबियसच्याच अटलांटिकमधल्या एका भाईबंदावर प्रयोग करून १९५१ साली दाखवलं, की भरतीला खडकावरून पोहताना हा मासा खोलगट जागा लक्षात ठेवतो आणि ओहोटीला धोका वाटला की न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात नेमकी उडी मारतो. अनोळखी डबक्यात ही माहिती त्याच्याकडे नसते, आणि चुकलेली उडी म्हणजे कोरडा कातळ. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा: अंडी दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असतात, नर ती राखत असतो, आणि उघडी पडली की ती वाळतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून तर काहीच उचलायचं नाही.

ओळख पटवायला तीन फोटो लागतात: एका बाजूने, पाठीचे दोन्ही पर उघडे असताना; वरून, डोकं आणि छातीच्या परांचे तंतू दिसतील असा; आणि आजूबाजूच्या दगडासकट एक. फ्लॅश कॅमेऱ्यावरचा वापरू नका, पाण्यातले कण चमकून चित्र पांढुरकं होतं. टॉर्चचाच तिरपा उजेड ठेवा आणि फोकस डोळ्यावर लावा.