टाचेमागची दोरी

सकाळी पलंगावरून उतरलो की टाचेमागच्या दुखण्याने पहिली दहा पावलं लंगडत. दात घासून होईपर्यंत पाय मोकळा व्हायचा, म्हणून मीही फारसं मनावर घेतलं नाही.

रविवारी लांब पल्ल्याचं धावायला निघताना ४०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन, परत आलो की डायक्लोफेनॅक. नावं वेगळी म्हणजे औषधं वेगळी, हा माझा हिशोब! दोन्ही एकाच कुळातल्या वेदनाशामक गोळ्या. दोन्ही गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. दुखणं दबतं ते त्यामुळेच, पण जठराचं अस्तर सांभाळणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारीही हीच प्रोस्टाग्लँडिन. घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असताना तर मूत्रपिंडाची भिस्त त्यांच्यावरच. माझ्या बाबतीत आधी पोटाने तक्रार केली. रात्र रात्र जळजळ.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी टाचेच्या दोन-तीन बोटं वरची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी, चिमटीत धरली आणि मी कळवळलोच. "जाड झालीय बघा. ही नुसती सूज नाही, तंतूंची वीणच विस्कटलीय. गोळीने काय उतरणार?"

मग स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं विचारलं. मित्राने खांद्यात घेतलं होतं ना! त्यांनी साफ नाही म्हटलं; या जागी ते दिलं तर कंडरा तुटण्याची भीती. वर विचारलं, "अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतली होती का?" मी चक्रावलो. त्या कुळातल्या अँटिबायोटिक्सनीही कंडरा तुटू शकते म्हणे. घेतली नव्हती, सुटलो.

गोळ्या सरसकट वाईट नाहीत. मागे घोटा मुरगळला होता तेव्हा पहिले काही दिवस डायक्लोफेनॅकच्या जेलने बरंच निभावलं. या दुखण्याचं औषध मात्र जिन्यात निघालं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे आणि टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडलेली पद्धत. गोळी घेऊन करायचं नाही, ही बाईंची अट. दुखणं दहापैकी पाचापर्यंत चालेल, पण ते कळलं पाहिजे. हे पाच ओळखायला मला दोन आठवडे लागले. आयुष्यभर एक तर शून्य नाही तर दहा.

सध्या आठवा आठवडा. आज सकाळी चारच पावलं लंगडलो.