रिकाम्या खुर्च्या

ऑस्लो. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून उजेड आहे. पाय भरून आलेत, पण हे आजच लिहून ठेवायला हवं.

आज नोबेल शांतता केंद्र पाहिलं. इमारत जुन्या रेल्वे स्टेशनची, १८७२ सालची. संग्रहालय २००५ मध्ये सुरू झालं. अंधाऱ्या दालनात छोट्या छोट्या पडद्यांवर विजेत्यांचे चेहरे आणि भोवती बारीक दिवे. आवाज आपोआप खाली येतो. गांधीजी यात नाहीत हे माहीत होतं, तरी डोळे शोधत राहिले. पाच वेळा नाव सुचवलं गेलं, शेवटचं १९४८ मध्ये, आणि त्या वर्षी शांततेचं पारितोषिक कुणालाच दिलं नाही. ही सल जाणार नाही.

पण मी अडकले ते पारितोषिक घ्यायला येऊच न शकलेल्यांपाशी. कार्ल फॉन ओसिएत्स्की हा जर्मन पत्रकार. जर्मनी चोरून सैन्यबळ वाढवतोय हे त्याने छापलं. नाझींनी त्याला छळछावणीत टाकलं. १९३५ चं पारितोषिक मिळालं, ऑस्लोला मात्र येऊ दिलं नाही. १९३८ मध्ये तो गेला. २०१० चे विजेते, मानवी हक्कांसाठी लढणारे चिनी लेखक लिउ श्याओबो, तेव्हा चीनच्या तुरुंगात होते. घरचंही कुणी येऊ शकलं नाही, तेव्हा सन्मानपत्र आणि पदक रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. माणसाला कोंडता येतं, पण ती खुर्ची जगभर दिसली. मी तिथे बराच वेळ उभी होते.

आणि नर्गिस मोहम्मदी, २०२३. इराणमधल्या बायकांसाठी लढली, म्हणून तुरुंगात. तिची जुळी मुलं, सतरा वर्षांची, आईच्या वतीने आली. कितीतरी वर्षांत त्यांनी आईला पाहिलं नव्हतं. त्या वयाच्या मुलांनी एवढ्या लोकांसमोर कसं निभावलं असेल?

बाहेर पडले तर जवळच सिटी हॉल. दरवर्षी १० डिसेंबरला सोहळा तिथेच होतो. आत न जाता पायऱ्यांवर टेकले. याच इमारतीत त्या दोघांनी आईचं भाषण वाचलं, तुरुंगातून लपवून बाहेर आलेलं. वाचलं फ्रेंचमध्ये, कारण आता त्यांचं घर पॅरिसमध्ये आहे. आणि मंचावर आईची खुर्ची, रिकामी.