पाच वाजता आलेले मजूर

"उशिरा आला म्हणून त्याचं पोट काय अर्धं असतं का?"

आमचे सर आज एवढंच बोलले आणि नव्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरालाही सगळ्यांएवढाच दिवाळी बोनस लावला. जुनी मंडळी जाम धुसफुसली.

सर वसईचे, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारे, पण ऑफिसात धर्माचं नाव नाही काढत (बरंच आहे ते). मला मात्र बायबलमधलं मत्तय 20 आठवलं, येशूने सांगितलेली गोष्ट: द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि सकाळपासून उन्हात राबलेल्यांची ठरलेली मजुरी कापत पण नाही, हे दुसरं कुणी लक्षातच घेत नाही. आणि ते पाचपर्यंत रिकामे का, तर त्यांना कुणी कामालाच लावलं नव्हतं!

तरी त्या गोष्टीत जुन्यांची कुरकुर मिटली असं कुठे लिहिलेलं नाही. मग टीम लीडने त्यांना नेमकं काय सांगायचं?